दर्यावरचे पूर्वज, घाटावरचे कागद

सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांना समुद्र नाही. पाटणहून कुंभार्ली घाट उतरल्याशिवाय खाऱ्या वाऱ्याचा वास येत नाही. तरीही इफ्तारनंतर दस्तरखान आवरता आवरता एखादी दादी सहज बोलून जाते, ‘आपलं मूळ कोकणातलं, आपले पुरखे आरमारात होते.’ पोरं हसतात. कुठे आरमार आणि कुठे मिरज!

हसण्याआधी साताऱ्याचा इतिहास आठवावा. १७०८ साली शाहू छत्रपतींचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला. पुढे १७१४ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी कान्होजी आंग्रे यांना शाहूंच्या बाजूला वळवले आणि किनाऱ्याची राखण करणाऱ्या सरखेलांचा पत्रव्यवहार घाट चढून वर येऊ लागला. किनारा कोकणात, पण त्याचा धनी डोंगरात. म्हणून पूर्वज शोधायला निघालेल्याने रत्नागिरीची एसटी पकडण्याआधी घाटावरचे कागद चाळावेत.

आजचे भारतीय तटरक्षक दल १९७८ च्या कायद्याने उभे राहिले. त्याच्या कितीतरी आधी हे काम गुराबा आणि गलबते करत होती. परक्या जहाजाकडे दस्तक आहे का पाहायचे, नसेल तर अडवायचे, खाडीच्या तोंडावर पहारा ठेवायचा. त्या गलबतांवरची भाषा ऐकली तर आपली अर्धी आडनावे तिथलीच निघतील. सारंग आणि नाखवा फारसीतून आले, खलाशी अरबीतून. तांडेल हे आडनाव कोळ्यांत आहे, मुसलमानांतही आहे. पदाचे नाव घराला चिकटले, एवढाच त्याचा अर्थ. आडनाव खूण दाखवते, पुरावा देत नाही.

इथेच बहुतेकांचा पाय घसरतो. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या आरमाराचे सुभेदार म्हणून दर्यासारंग आणि मायनाक भंडारी येतात. पहिला मुसलमान, दुसरा भंडारी. १६७९ च्या खांदेरीच्या लढाईत दौलतखान दिसतो, त्याची दखल मुंबईच्या इंग्रजांनीही आपल्या पत्रांत घेतली. एवढी मोठी नावे समोर आली की ‘आम्ही त्यांचेच वंशज’ म्हणण्याचा मोह होतो. पण दर्यासारंग हा किताब आहे, आडनाव नव्हे. मधल्या नऊ-दहा पिढ्यांची नावे हातात नसताना वंशवेल थेट त्याच्यापर्यंत नेणे म्हणजे शिडाशिवाय गलबत हाकणे. त्यापेक्षा एखादा साधा खलाशी पक्क्या कागदानिशी सापडला तर ती कमाई मोठी.

पक्के कागद आहेत. सातारा महाराजांचे आणि पेशव्यांचे दफ्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. त्यातले निवडक उतारे गणेश चिमणाजी वाड यांनी काढले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते छापले गेले. त्यांचा पहिला भाग शाहूंच्या कारकिर्दीचाच. साताऱ्याजवळच्या धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी हे तर या शोधातले मोठे दालन. स्वामी आधी चिपळूणजवळ परशुरामला असत. १७२७ मध्ये सिद्दी साताने ते देवस्थान लुटले, तेव्हा स्वामी घाटावर आले. आंग्रे मंडळींशी त्यांचा पत्रव्यवहार अखंड होता आणि तो साताऱ्याच्या द. ब. पारसनीसांनी प्रसिद्ध केला. पारसनीसांचा संग्रह पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला.

सिद्दीचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट उघड बोलायला हवी. १७३३ मध्ये साताऱ्याच्या हुकमाने जंजिऱ्यावर मोहीम निघाली, तेव्हा समोर सिद्दी होता आणि मराठ्यांच्या गलबतांवरही मुसलमान खलाशी होते. सिद्दीही किनाराच राखत होता, मोगलांच्या वतीने. सुरतेहून हजला निघणाऱ्या जहाजांना त्याचेच संरक्षण असे. शोधता शोधता आपला पूर्वज जंजिऱ्याच्या तटावर उभा असलेला सापडला तर? तेही वहीत लिहावे. सोयीचा पूर्वज निवडता येत नाही.

मोडी वाचणारा माणूस मिळाला तरी पुढची अडचण तारखेची. ती सोडवताना मात्र रमजान पाळणाऱ्या घराला थोडी सवलत आहे. या मराठी पत्रांवर तारीख ‘छ’ लिहून मग चंद्राचा दिवस आणि हिजरी महिना अशी पडते. ‘छ १२ रमजान’ असे एखाद्या ब्राह्मण कारकुनाच्या हातचे अक्षर सहज दिसते. वर्ष असते सुहूर सनाचे आणि तेही अरबी शब्दांत, आधी एकं मग दहं. ‘सलास सलासीन मया व अलफ’ म्हणजे तीन, तीस, शंभर आणि हजार, एकूण ११३३. त्यात ५९९ मिळवले की १७३२. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होते, म्हणून जानेवारीपासून मृगापर्यंतच्या पत्राला ६०० मिळवायचे, म्हणजे १७३३. जंजिऱ्याच्या मोहिमेची तयारी याच वर्षाच्या कागदांत शोधायची. मदरशात अरबी आकडे शिकलेली नात आणि शेजारचे मोडी जाणणारे निवृत्त गुरुजी एका टेबलाशी बसले तर अर्धे काम तिथेच होते.

इंग्रजी अमदानीतला माग त्या मानाने सोपा. बॉम्बे मरीनचे कागद मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पहिल्या महायुद्धात समुद्रातच राहिलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची नावे मुंबईत मस्जिद बंदरच्या खलाशी निवासातल्या स्मारकावर आहेत आणि युद्धस्मारक आयोगाच्या यादीत घरबसल्या शोधता येतात. शोधताना स्पेलिंगचे चार-पाच प्रकार करून पाहावेत. इब्राहिम एकाच यादीत तीन तऱ्हांनी लिहिलेला असतो.

पण त्याआधी घरची पेटी उघडावी. बोटीवरच्या नोकरीचे पुस्तक, ज्याला खलाशी ‘नली’ म्हणत, त्यात गाव, बापाचे नाव, अंगावरची खूण, जहाजांची नावे सगळे असते. निकाहनाम्यावर मूळ गाव असू शकते. आणि दादी, नानी अजून आहेत. त्या मुलखाच्या भाषेतले एखादे वेगळे शब्द अजून बोलतात, माशाचे नाव, भाकरीचे नाव, ते टिपून घ्यावेत. ईदला मुंबईचे, आखाताचे नातेवाईक घरी येतील. शीरखुर्म्याच्या वाट्या फिरत असताना वही उघडून पहिला प्रश्न गावाचा विचारावा, दुसरा खाडीचा, आणि तिसरा तिथल्या कब्रस्तानात आपल्या घरच्या कुणाची कबर आहे याचा.