वाघ पाहून झाला, आता टोपली विणायची? ताडोबा-गडचिरोलीतल्या 'अनुभव पर्यटना'चं गणित समजून घ्या

ताडोबाला येणाऱ्या बहुतेक पर्यटकांचं वेळापत्रक ठरलेलं असतं. पहाटे उठायचं, मोहर्ली किंवा कोलारा गेटवरून जिप्सीत बसायचं, वाघ दिसला की फोटो काढायचे, दुपारी रिसॉर्टवर जेवायचं आणि दुसऱ्या दिवशी नागपूरची वाट धरायची. गेटबाहेरची गावं येता-जाता रस्त्यावरून दिसतात तेवढीच.

याच गावांमध्ये बांबूपासून सूप-टोपल्या विणणारी माणसं आहेत, मोहफुलं वेचणाऱ्या बायका आहेत, चिखलात उतरून धानाची रोवणी करणारी कुटुंबं आहेत. पर्यटकाने अर्धा दिवस त्यांच्याजवळ बसून काही शिकावं, त्यांच्या चुलीवरचं जेवावं आणि त्याचे पैसे थेट त्यांना द्यावेत, ही कल्पना आता सगळीकडे बोलली जाते. तिला 'अनुभव पर्यटन' म्हणतात.

कल्पना छान आहे. पण चंद्रपूर आणि गडचिरोलीत ती राबवायची तर तीन प्रश्नांची उत्तरं आधी लागतात. कच्चा माल कुणाच्या हातात आहे? नियम काय सांगतात? आणि शिकवणाऱ्याच्या हातात शेवटी किती पडतं?

जपानने नेमकं काय केलं?

या विषयात जपानचं उदाहरण नेहमी दिलं जातं. तिथल्या खेड्यांत पर्यटक हाताने कागद बनवतात, सोबाच्या शेवया लाटून कापतात, भाताची लावणी करतात. पण हे आपोआप घडलं नाही. तरुण शहरात गेले, गावं म्हातारी झाली आणि शेतीवर भागेना, म्हणून हा मार्ग शोधला गेला. 1994 साली जपानने ग्रामीण पर्यटनाला चालना देणारा कायदा केला.

खरी अडचण त्यानंतर आली. ओइता प्रांतातल्या आजिमू गावच्या शेतकऱ्यांनी 1996 पासून पाहुण्यांना घरी ठेवायला सुरुवात केली. पण लॉजचा परवाना, हॉटेलसारखं वेगळं स्वयंपाकघर या अटी साध्या शेतकऱ्याला परवडणाऱ्या नव्हत्या. 2002 मध्ये प्रांताने नियम सैल केले. पाहुणा घरच्यांसोबत मिळून स्वयंपाक करत असेल, तर ते हॉटेल नव्हे, अनुभव आहे असं मानलं गेलं. पुढे देशपातळीवरही अटी कमी झाल्या.

म्हणजे जपानमध्ये हौशी पर्यटक आणि कष्टाळू शेतकरी यांच्याइतकंच महत्त्व एका सरकारी निर्णयाला आहे. छोट्या घराला मोठ्या हॉटेलचे नियम लावायचे नाहीत, हा तो निर्णय.

आपल्याकडे शिकण्यासारखं काय आहे?

भरपूर आहे, पण ते ऋतूप्रमाणे बदलतं.

मार्च-एप्रिल हा मोहाचा हंगाम. फुलं रात्रीतून आणि पहाटे गळतात, सकाळी वेचली जातात आणि उन्हात वाळवली जातात. वाळलेलं फूल मनुक्यासारखं दिसतं. ते भाजून, कुटून त्याचे लाडू करता येतात.

जुलैमध्ये धानाची रोवणी सुरू होते. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही हा सगळा धानाचा पट्टा. देशभर खाल्ला जाणारा एचएमटी तांदूळ याच मातीतला. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतातल्या वेगळ्या लोंब्या निवडून, वर्षानुवर्षं जपून हे वाण तयार केलं आणि त्या काळी गाजलेल्या घड्याळाचं नाव त्याला मिळालं. रोवणी शिकवताना ही गोष्ट सांगता आली, तर ताटातला भात पाहुण्याच्या कायम लक्षात राहील.

पावसाळ्यातच सात्या म्हणजे रानातली अळिंबी निघते आणि बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, घरोघरी शिजतात. ताडोबाचं गाभा क्षेत्र जुलै ते सप्टेंबर बंद असतं. सफारी मंदावलेली असते, तेव्हाच गावात दाखवण्यासारखं सर्वात जास्त असतं.

दिवाळीनंतर मंडई भरते आणि झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा म्हणजे देसाईगंज हे त्याचं केंद्र. रात्रभर चालणारी ही नाटकं पर्यटकांसाठी केलेली नाहीत, गावकऱ्यांसाठी असतात. 2023 मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीचं नाव बाहेर अनेकांनी पहिल्यांदा ऐकलं. तिकीट काढून गावकऱ्यांसोबत बसायचं, एवढंच इथे पाहुण्याचं काम.

बांबूकाम आणि कुंभारकाम बाराही महिने शिकता येतं. चंद्रपूर-मूल रस्त्यावर चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. भद्रावतीत गांधीवादी कार्यकर्ते कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी उभा केलेला ग्रामोदय संघ मातीकामासाठी ओळखला जातो.

बांबू कुणाचा?

टोपली विणायला बुरूड कारागिराला हिरवा बांबू लागतो. वाळलेला बांबू कडक होतो, त्याच्या पातळ, वाकणाऱ्या कमच्या निघत नाहीत. त्यामुळे बांबू एकदाच आणून साठवता येत नाही, सतत ताजा मिळावा लागतो. बुरूड कुटुंबांना वनविभागाकडून सवलतीच्या दरात बांबू देण्याची पद्धत आहे, पण तो वेळेवर आणि पुरेसा मिळत नाही ही त्यांची जुनी तक्रार आहे. बांबूच नसेल, तर पाहुण्याला शिकवणार काय?

इथे गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाची गोष्ट महत्त्वाची ठरते. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही या गोंड गावाची घोषणा. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानलं आणि 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकायचा, तर वाहतूक परवाना वनविभागाचाच लागत होता. 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याची पुस्तकं ग्रामसभेकडे दिली, तेव्हा हा हक्क प्रत्यक्षात आला.

याचा पर्यटनाशी संबंध काय? ज्या ग्रामसभेकडे जंगलाचा हक्क आहे, ती बांबू किती तोडायचा, कुणाला द्यायचा, पाहुण्यांना कुठपर्यंत न्यायचं हे स्वतः ठरवू शकते. आजचा वास्ता म्हणजे उद्याचा बांबू. पाहुण्यांच्या ताटासाठी किती वास्ते काढायचे, हा निर्णयही गावानेच घ्यायला हवा. मेंढ्यात अभ्यासासाठी येणाऱ्यांची वर्दळ अनेक वर्षांपासून आहे, आणि ते येतात ते गावाच्या अटींवर.

मोहाची दारू चाखायला मिळेल का?

बाहेरून येणारे हा प्रश्न हमखास विचारतात. मोहफुलं गोळा करणं, साठवणं आणि त्यांची वाहतूक यांवरचे निर्बंध राज्य सरकारने 2021 मध्ये उठवले. पण दारू गाळणं ही वेगळी गोष्ट आहे, त्याला दारूबंदी कायदा लागू होतो. चंद्रपुरात 2015 ला आलेली दारूबंदी 2021 मध्ये उठली, तरी विनापरवाना गाळणं तिथेही गुन्हाच आहे. गडचिरोलीत तर 1993 पासून संपूर्ण दारूबंदी आहे.

आणि हा विषय कायद्यापुरता नाही. गडचिरोलीतली दारूबंदी लोकांच्या, विशेषतः बायकांच्या आंदोलनातून आली. आदिवासींच्या देवकार्यात मोहाला मान आहे, हेही तितकंच खरं. पण पर्यटक 'ऑथेंटिक' म्हणून पैसे देऊन दारू मागू लागला, तर धोका पत्करायचा तो यजमानाला. म्हणून मोहाचा अनुभव वेचण्यापासून लाडवापर्यंत ठेवणं शहाणपणाचं. आंबील, भात, रानभाजी, मोहाचा लाडू एवढ्यात जेवण भरपूर होतं.

पाहुण्याला जंगलात न्यायचं का?

हा सर्वात गंभीर प्रश्न आहे. मोह आणि तेंदूच्या हंगामात माणसं पहाटे जंगलात वाकून काम करतात आणि वाघाच्या हल्ल्यांचा धोका याच काळात वाढतो. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन महिलांचा एकाच हल्ल्यात मृत्यू झाला. गावकरी जंगलात जातात ते पोटासाठी. पाहुण्याच्या फोटोसाठी तोच धोका पुन्हा पत्करायला लावणं चूक आहे.

उपाय अवघड नाही. मोहाची झाडं शेताच्या बांधावर आणि गावाजवळही असतात. तिथे, उजाडल्यावर, गावकऱ्यांसोबत वेचणी करता येते. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची पद्धत आहे आणि त्यातून वणवे लागतात. पाहुण्यांसाठी पाचोळा झाडून खाली जाळी अंथरली, तर तीच सवय पुढेही राहू शकते.

'पारंपरिक' म्हणजे जुनंच हवं का?

आरमोरी परिसरात ढिवर समाजाची कुटुंबं ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोसा म्हणजे टसर रेशीम पिकवतात. मध्य भारतात कोशातून धागा काढण्याची जुनी पद्धत म्हणजे तो मांडीवर वळणं. कॅमेऱ्यात ते सुंदर दिसतं, पण वर्षानुवर्षं ते करणाऱ्या बाईच्या मांडीची कातडी सोलवटते. म्हणूनच केंद्रीय रेशीम मंडळाने 'बुनियाद' नावाचं यंत्र आणून ही पद्धत बंद करायची मोहीम घेतली.

आता पर्यटकाला यंत्र नको, 'खरं' काम पाहायचं असेल तर? बाईने पाहुण्यांसाठी पुन्हा मांडीवर सूत काढायचं का? अनुभव पर्यटनाची कसोटी इथे लागते. कारागिराने स्वतःच्या सोयीसाठी बदललेली पद्धत पाहुण्याच्या हौसेसाठी मागे न्यायची नसते. यंत्रावर धागा काढणारी बाईसुद्धा तितकीच खरी कारागीर आहे.

पैसे कुणाच्या हातात पडतात?

एक काल्पनिक हिशेब मांडू. समजा एका बुरूड ताईंच्या दिवसभरात चार टोपल्या होतात आणि प्रत्येकी 100 रुपयांना जातात. म्हणजे 400 रुपये. आता चार पाहुणे प्रत्येकी 300 रुपये देऊन अर्धा दिवस शिकायला आले. एकूण 1,200 रुपये. त्यातून बांबू, चहा-नाश्ता आणि ग्रामसभेचा वाटा मिळून 400 गेले, तरी ताईंकडे 800 उरतात, आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात दोन टोपल्याही होतात.

पण हेच पाहुणे रिसॉर्टने पाठवले, रिसॉर्टने त्यांच्याकडून प्रत्येकी 1,000 रुपये घेतले आणि ताईंना दिवसाची 400 रुपये मजुरी दिली, तर? ताईंच्या पदरात नेहमीएवढेच पैसे पडले, वर नवख्यांना शिकवायची मेहनत वेगळी. अनुभव तोच, हिशेब पूर्ण उलटा. दर कुणी ठरवायचा, हा म्हणूनच कळीचा मुद्दा आहे.

राज्याने 2020 मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं. पण नावाप्रमाणेच ते शेतीभोवती फिरतं. शेत नसलेला बुरूड किंवा वनोपजावर जगणारं कुटुंब यांच्यासाठी ग्रामसभा किंवा बचत गट हाच जवळचा आधार. चार घरांनी मिळून दर, वेळ आणि पाळी ठरवली, की एकट्या घरावर स्वस्तात राबायची वेळ येत नाही.

तुम्ही जाणार असाल तर

- सफारी बुक करताना एक अर्धा दिवस मोकळा ठेवा. कारागिराला आधी कळवा, त्यालाही बांबू आणावा लागतो.
- रिसॉर्टमार्फत जात असाल, तर शिकवणाऱ्याला किती मिळतात हे सरळ विचारा.
- तुमच्या हातची वाकडी टोपली घेऊन जाच, पण त्यांनी विणलेलं एक सूपही विकत घ्या. घासाघीस करू नका.
- घरात, देवळात किंवा गोटुलात विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका.
- उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो. शिकायचं ते सकाळी दहाच्या आत उरका.