कात्रीलाही हात असतो

१३ ऑगस्ट हा जगभर डावखुऱ्यांचा दिवस म्हणून पाळतात. १९७६ सालापासून ही प्रथा आहे. आपल्याकडे तेव्हा बहुतेक वेळा श्रावण चालू असतो, मंगळागौर, राखी, नारळीभात अशी गडबड असते, त्यामुळे या दिवसाकडे कोणाचं लक्ष जात नाही. आणि तसंही, श्रावणात डावा हात देवघराबाहेर ठेवायचा असतो!

दर दहा माणसांमागे साधारण एक जण डावखुरा असतो. म्हणजे वीस बायकांच्या बचतगटात दोघी तरी असायला हव्यात. नालासोपारा-विरारच्या आमच्या गटांमध्ये मी सहज विचारलं, ‘‘डाव्या हाताने कोण काम करतं गं?’’ तर एका गटात एक हात वर झाला, दुसऱ्यात एकही नाही. मग चहाच्या वेळी एकेक जण हळूच सांगू लागली. ‘‘ताई, मी लहानपणी होते डावरी. आजीने हातावर उलथनं मारून सोडवलं.’’ दुसरीचा हात ओढणीने बांधून ठेवत. तिसरी म्हणाली, ‘‘लिहिते उजव्याने, पण झाडू अजून डाव्यानेच जातो.’’ गंमत बघा, झाडू कोणाला खटकत नाही. खटकतो तो वाढण्याचा हात, हळदीकुंकवाचा हात, प्रसाद घेणारा हात.

आपली भाषाही काही कमी नाही. मुलीचं लग्न झालं की ती ‘उजवली’, कूस ‘उजवली’, आणि एखाद्याला बाजूला सारलं की ‘डावललं’. जेवणाच्या ताटाला डावं-उजवं असतंच. चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. पण याच घरात जेवता जेवता उजवा हात खरकटा झाला की पातेल्यातली आमटी आपण डाव्या हातानेच वाढून घेतो ना? तेव्हा कुठे जातो तो नियम, असं मी एकदा सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘ती सोय झाली गं.’’ मला ते उत्तर फार आवडलं. सोय असली की शास्त्र वाकतं, हे त्यांनी एका वाक्यात कबूल केलं.

पण आज मला बोलायचंय ते शास्त्राबद्दल नाही, वस्तूंबद्दल. कारण घरचे बदलले, पुष्कळ घरांत आता मुलांना मारत नाहीत, तरी वस्तू बदललेल्या नाहीत.

आमच्या ओळखीतली एक मुलगी, विशीतली, लग्न होऊन नालासोपारा पूर्वेला आली. घरात हातभार म्हणून एका शिवणवर्गात जाऊ लागली. महिन्याभरात वर्गातल्या बाईंनी तिला सांगितलं, ‘‘तुला हात नाही शिवणकामाला. तू आपली दोरे काप.’’ नाव कोणाचं घेत नाही. बाई काही दुष्ट नव्हत्या. तिने कापलेला ब्लाउजचा मुंढा खरंच कुरतडल्यासारखा दिसे. मुलगी वर्ग सोडून पीसवर दोरे कापायला बसली. एक पीस म्हणजे किती पैसे, ते या भागातल्या बायकांना सांगायला नको. ब्लाउज बेतून शिवणारीची कमाई आणि दोरे कापणारीची कमाई यात किती अंतर असतं तेही सांगायला नको.

मी तिच्याकडे गेले तेव्हा तिच्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी कात्रीच्या कडीने मोठा घट्टा पडला होता. तो बघून माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला मशीनवर बसवलं. सरळ टीप, गोल टीप, दोन्ही सुरेख! मशीनचं चाक उजवीकडे असलं तरी कापड डाव्या हातानेच सरकवायचं असतं, त्यामुळे तिथे तिचं काही अडत नव्हतं. अडत होतं ते फक्त कात्रीपाशी.

कात्रीचं असं का होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. कात्री मिटताना आपला अंगठा नकळत बाहेर रेटतो आणि बोटं आत ओढतात. उजव्या हातात या रेट्याने दोन्ही पाती एकमेकींना घट्ट घासतात आणि मधलं कापड कापलं जातं. तीच कात्री डाव्या हातात घेतली की रेटा उलटा पडतो. पाती एकमेकींपासून फाकतात, आणि कापड कापलं न जाता मध्येच दुमडतं, चावल्यासारखं होतं. शिवाय वरचं पातं खडूची रेघ झाकतं. ती दिसायला मान वाकडी करून पलीकडून बघावं लागतं. त्यात शिंप्याच्या कात्रीच्या कड्या उजव्या अंगठ्याच्या बेताने घडवलेल्या, त्यामुळे डाव्याला त्या रुततात. ‘मग कात्री उलटी धरायची,’ असं पुष्कळ जण सांगतात. त्याने काही होत नाही. कशीही फिरवा, उजवीकडचं पातं वर ते वरच राहतं. करून बघा घरी.

मग आम्ही खऱ्या डाव्या हाताच्या कात्रीच्या मागे लागलो. बाजारातल्या दोन दुकानांत विचारलं. एकाने मला उजव्या हाताचीच कात्री डाव्या हातात धरून दाखवली. दुसरा म्हणाला, ‘‘ताई, वीस वर्षांत पहिल्यांदा कोणी मागितली.’’ कात्र्यांसाठी आपल्याकडे मेरठ प्रसिद्ध. तिथल्या कात्रीला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण दुकानदार मागणी असेल तेच आणणार, आणि डावखुऱ्या बायका मागत नाहीत, कारण अशी वस्तू असते हेच त्यांना माहीत नसतं. शेवटी माझ्या भाच्याने मोबाइलवरून मागवून दिली. साध्या कात्रीपेक्षा महाग पडली, पैसे गटाच्या खात्यातून उसने दिले. पहिले चार दिवस तिला नवीन कात्रीसुद्धा जमेना. इतकी वर्षं चुकीच्या कात्रीशी झटापट करून बोटांना उलट्या सवयी लागल्या होत्या. पाचव्या दिवशी तिने अस्तराचं कापड सरळ एका दमात कापलं. आता ती स्वतः बेतते. उसने पैसे तीन महिन्यांत फिटले.

शेतातही हेच. वसई पूर्वेला, पारोळच्या बाजूला भातकापणीत मी एक बाई पाहिली. बाकीच्या बायका एका ओळीत पुढे सरकताहेत आणि ही एकटी बांधाच्या कडेला. विचारलं तर म्हणाली, ‘‘मी डावरी. मध्ये बसले तर शेजारणीचा विळा नि माझा विळा लागतो.’’ तिच्या विळ्याची गोष्ट मात्र वेगळी होती. तिच्या वडिलांनी लोहाराकडून तो मुद्दाम उलट्या अंगाने घासून घेतला होता. नेहमीच्या विळ्याला धार एकाच अंगाने देतात, ती उजव्या हाताच्या बेताने. डाव्या हातात तो पेंढीत नीट घुसत नाही, वरून सटकतो. या शिकल्या-न शिकल्या बापाने मुलीचा हात बदलायच्या ऐवजी विळा बदलला, आणि लोहारानेही कुरकुर न करता करून दिला. तयार वस्तू आल्या आणि ही सोय गेली, असं मला वाटतं.

आपली विळी त्या मानाने फार समजूतदार. पाट पायाखाली दाबायचा, पातं उभं, भाजी दोन्ही हातांत. तिला डावं-उजवं नाही. खवणीचंही तसंच. उलट सालकाढणं, टोकाला चोच असलेलं दुधाचं पातेलं, शिंप्याची टेप, सगळं उजव्यांचं. फिरकीच्या झाकणाच्या बरण्यासुद्धा! हॉकीचं तर नियमातच आहे, डाव्या हाताची काठी चालतच नाही. क्रिकेट उदार. सचिन तेंडुलकर खेळला उजव्याने, पण सही करतो डाव्याने. सांगलीची स्मृती मंधाना गोलंदाजी उजव्याने करते आणि फलंदाजी डाव्याने. टीव्हीवर अमिताभ बच्चन डाव्या हाताने लिहिताना दिसले की आपण कौतुक करतो, आणि घरात नातीने डाव्या हातात चमचा धरला की डोळे वटारतो.

हात कुठला, हे जन्माआधीच ठरू लागतं. बेलफास्टच्या संशोधकांनी गर्भातली बाळं सोनोग्राफीत कुठला अंगठा चोखतात ते पाहिलं आणि तीच मुलं दहा-बारा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. २००५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. उजवा अंगठा चोखणारी ६० च्या ६० उजवीच निघाली. डावा चोखणाऱ्या १५ पैकी १० डावखुरी होती. पोटातल्या बाळाला कोण वळण लावणार?

शाळेत जाणारं मूल डावखुरं असेल तर आईने दोन-तीन गोष्टी कराव्यात. वही त्याच्या समोर थोडी डावीकडे आणि उजवीकडे कलती ठेवायला शिकवा, म्हणजे मनगट वाकडं करावं लागत नाही. पेन टोकापासून जरा वर धरू द्या. आपण डावीकडून उजवीकडे लिहितो, त्यामुळे हात ओल्या शाईवरून फिरतो आणि अक्षर फराटतं. ‘गचाळ लिहितोस’ म्हणण्याआधी हाताची कड बघा, निळी असेल. आणि बाईंना भेटून बाकावर डाव्या टोकाची जागा मागा, नाहीतर शेजारच्याचं कोपर आणि याचं कोपर दिवसभर भांडतात. परीक्षेच्या हॉलमध्ये उजव्या हाताला फळी असलेल्या खुर्च्या असतील तर आधीच सांगून टेबल मागून ठेवा.

आणि कात्री घ्यायची असेल तर एवढं बघून घ्या. टोकं आपल्यापासून लांब करून कात्री थोडी उघडी धरा. डावीकडचं पातं वर असेल तरच ती डाव्या हाताची. नुसत्या कड्या डाव्या अंगठ्याच्या आणि पाती उजवीच, अशाही कात्र्या ‘लेफ्टी’ म्हणून विकतात. त्या परत करा.