ओळखीची साक्ष

यवतमाळ जिल्ह्यातील पुसद, वणी, दारव्हा अशा गावी शेतीचे खरेदीखत नोंदवावयाचे झाले, म्हणजे लिहून देणाऱ्याला दुय्यम निबंधकासमोर उभे राहावे लागते. कागदावर नाव असते, अंगठ्याचा ठसाही उमटतो. तरीही ‘हाच तो मनुष्य’ असे सांगणारे साक्षीदार आणण्याची रीत पूर्वापार चालत आली आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याने लिहून देणाऱ्याची ओळख पटवून घेण्याचे कर्तव्यच निबंधकावर सोपविले आहे. भलताच मनुष्य उभा राहिला, तर कोणा शेतकऱ्याची वडिलोपार्जित जमीन त्याच्या नकळत दुसऱ्याच्या नावे व्हावयाची!

संगणकावरून जाणाऱ्या गुप्त पत्रांच्या बाबतीतही ओळखीचा हाच प्रश्न उभा राहतो. अशा पत्रांसाठी प्रत्येकाजवळ किल्ल्यांची एक जोडी असते: एक जाहीर व दुसरी खासगी. जाहीर किल्लीने कोणीही पत्र कुलूपबंद करावे. ते उघडते मात्र खासगी किल्लीनेच. ही कल्पना व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली मांडली. पुढे १९९१ मध्ये फिल झिमरमन यांनी ‘प्रेटी गुड प्रायव्हसी’ हे सॉफ्टवेअर तयार करून ती सामान्य माणसांच्या हाती दिली.

कुलूप बळकट खरे. परंतु किल्लीवर नाव कोणीही घालू शकतो. समजा, एखाद्या लबाडाने तुमच्या मामांच्या नावाने किल्ली तयार करून ती सर्वत्र पसरविली. मामांना लिहिलेले पत्र तुम्ही विश्वासाने त्या किल्लीने बंद कराल, आणि ते उघडून वाचील तो लबाड!

यावर उपाय प्रत्यक्ष भेटीचा. प्रत्येक किल्लीला तिचा स्वतःचा ‘ठसा’ असतो. हा ठसा बहुधा चाळीस अंकाक्षरांचा असतो. दोघे समोरासमोर बसतात, एकमेकांची ओळखपत्रे पाहतात आणि ठसा मोठ्याने वाचून अक्षर न् अक्षर पडताळतात. खात्री पटली, म्हणजे प्रत्येकजण आपल्या खासगी किल्लीने दुसऱ्याच्या जाहीर किल्लीवर स्वाक्षरी करतो. ‘ही किल्ली याच मनुष्याची’ अशी ती साक्ष होय.

या कामी साहाय्य करणारी सॉफ्टवेअरेही आहेत. ‘जीनोम कीसाइन’मध्ये एकाच्या पडद्यावरील चौकोनी संकेतचित्र दुसऱ्याच्या संगणकाचा कॅमेरा टिपतो, त्यामुळे लांबलचक ठसा वाचण्याचे श्रम वाचतात. ‘कॅफ’ हे दुसरे सॉफ्टवेअर केलेली स्वाक्षरी कुलूपबंद करून किल्लीवर नोंदलेल्या ई-मेल पत्त्यावर धाडते. पत्ता आणि खासगी किल्ली ही दोन्ही ज्याची असतील, त्यालाच ती मिळते.

आपल्या देशात २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार परवाना असलेल्या संस्था अशी साक्ष देतात. येथे मात्र ती सामान्य माणसे परस्परांसाठी देतात, आणि साक्षीस साक्ष जोडून विश्वासाचे जाळे विणले जाते. १९९३ साली सुरू झालेल्या ‘डेबियन’ या संगणकप्रणालीचे स्वयंसेवक देशोदेशी विखुरलेले आहेत. तेथे नव्या विकासकाच्या किल्लीवर सामान्यतः आधीच्या विकासकांची स्वाक्षरी लागते. म्हणून त्यांच्या वार्षिक परिषदेसारख्या भेटींना विशेष मोल आहे. ही परिषद २०२३ च्या सप्टेंबरमध्ये केरळातील कोची येथे भरली होती.

स्वाक्षऱ्यांची नुसती संख्या मात्र व्यर्थ आहे. २०१९ साली या क्षेत्रातील दोन जाणकारांच्या किल्ल्यांवर कोणीतरी हजारो निरर्थक स्वाक्षऱ्यांचा वर्षाव केला. त्या स्वाक्षऱ्यांनी कोणाचीही ओळख पटली नाही. उलट त्या किल्ल्या मागविणाऱ्यांची सॉफ्टवेअरे मात्र अडून पडली.

एका साक्षीदाराने भिडेखातर न पाहताच स्वाक्षरी केली, तर त्याच्यावर विसंबलेले सारेच फसतात. ठसे जुळवण्याचे काम यंत्राने करावे. पण समोरच्या मनुष्याला नीट पाहून, खात्री झाल्यावरच ‘हा तोच’ असे म्हणण्याचे दायित्व साक्ष देणाऱ्याचे आहे. मग ती साक्ष खरेदीखतावर असो की किल्लीवर.