ओहोटी म्हणजे काय?

भरतीने चढलेले समुद्राचे पाणी हळूहळू उतरून किनाऱ्यापासून मागे हटते, त्याला ओहोटी म्हणतात. कोकणात तिला सुकती असेही नाव आहे. हिब्रूत भरती म्हणजे गेउत आणि ओहोटी म्हणजे शेफेल.

अश्दोदच्या किनाऱ्यावर वाढलेल्या मुलांना ओहोटी सहसा जाणवत नाही. भूमध्य समुद्र जवळजवळ चहूबाजूंनी बंद आहे. तेथे पाणी अर्ध्या मीटरपेक्षाही कमी चढते-उतरते. अलिबागकडे उधाणाच्या दिवशी हाच फरक ४ मीटरच्या आसपास जातो. म्हणून ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यात पायी जाता येते. पण वेळेत परतले नाही, तर वाट पाण्याखाली जाते.

ओहोटीत पाणी आटत नाही, दुसरीकडे जाते. चंद्राच्या ओढीने त्याच्या समोरचे पाणी फुगते. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूस ही ओढ कमी पडते, म्हणून तेथेही फुगवटा येतो. या दोन फुगवट्यांच्या मधल्या भागात पाणी उतरते, तीच ओहोटी. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने कोकणात दिवसाला साधारण दोन भरत्या व दोन ओहोट्या होतात. चंद्रही पुढे सरकत असतो, म्हणून त्यांची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी लांबते.

अमावास्या-पौर्णिमेला चंद्र व सूर्य एकाच रेषेत ओढतात. तेव्हा भरती मोठी आणि ओहोटीही मोठी, हे उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ आडवी पडते व पाणी थोडेच हलते, हा भांग.

कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे सुमारे ३ वाजता पूर्ण भरती आणि सहा तासांनी, ९ वाजता, पूर्ण ओहोटी. हिब्रू महिनाही चंद्रावरच चालतो, त्यामुळे हिब्रू तारीख घेऊनही हा हिशेब जमतो. तारीख १५ च्या पुढे असेल, तर आधी १५ वजा करावेत. उत्तर तासाभराने चुकू शकते. किल्ल्यात जाण्यापूर्वी स्थानिक माणसांना विचारावेच.

पेसाह १५ निसानला, पौर्णिमेच्या सुमारास येतो. म्हणजे घरात सेदेरची तयारी चालू असते, तेव्हा कोकणात समुद्राला उधाण असते.

सराव : हिब्रू महिन्याची १२ तारीख आहे. रेवदंड्याला पूर्ण ओहोटी सुमारे किती वाजता असेल? उत्तर घरातल्या वडीलधाऱ्यांबरोबर बसून काढा.