विश्लेषण : सह्याद्रीतील ‘नवी’ घाटवाट उघडते कशी?

पाऊस सरला, ओढ्यांचे पाणी उतरले की सह्याद्रीत भटक्यांच्या मोहिमा सुरू होतात. काही गटांना किल्ल्यापेक्षा घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या, वापरातून गेलेल्या वाटांची ओढ असते. अशी वाट सापडली की ‘नवी वाट उघडली’ म्हणून छायाचित्रे आणि जीपीएस नोंदी मोबाइलवर फिरू लागतात. त्या पाहून पुढच्या सुट्टीला आणखी गट निघतात. वाट शोधणे, ती सुरक्षित ठरवणे आणि ती सर्वांसाठी खुली करणे ही मात्र तीन वेगवेगळी कामे आहेत.

‘नवी’ वाट खरोखर नवी असते का?

बहुतेकदा नाही. कोकणातली बंदरे आणि देशावरच्या बाजारपेठा यांना जोडणाऱ्या वाटा दोन हजार वर्षांपासून वापरात आहेत. जुन्नर आणि कल्याण यांना जोडणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहनकालीन शिलालेख आहे. अशा मोठ्या व्यापारी घाटांच्या जोडीला शेकडो लहान वाटा होत्या. ओझ्याचे बैल जातील असा घाट, दोन कड्यांमधून उतरणारी अरुंद नाळ, लाकडी शिडीच्या आधाराने कडा पार करणारी निसणी, डोंगराच्या सोंडेवरून चढणारी वाट असे त्यांचे प्रकार. गुराखी, मध काढणारे, बाजारहाटाला जाणारे आणि सोयरिकीच्या गावी निघालेले लोक त्या वापरत. त्यामुळे शहरातून आलेल्या गटाला जी वाट ‘सापडते’, तिला पायथ्याच्या गावात बहुधा आधीपासून नाव असते.

मग या वाटा हरवल्या कशा?

बोरघाटातून गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला. याच घाटातून रेल्वे १८६३ मध्ये, तर थळघाटातून १८६५ मध्ये गेली. व्यापार तिकडे वळला. पुढे गावोगावी डांबरी रस्ते आणि एसटी पोहोचल्यावर दिवसभर डोंगर उतरण्याची गरज उरली नाही. माणसे रोजगारासाठी शहरांत गेली, गुरे कमी झाली. चालणारे पाय थांबले की दोन-चार पावसाळ्यांत कारवी आणि काटेरी झुडपे वाट झाकतात. दरड कोसळली तर एखादा टप्पा कायमचा तुटतो. वाट ठाऊक असलेली पिढी गेली की तिचे नावही जाते.

शोधाची सुरुवात कुठून होते?

आधी घरी. ब्रिटिशकालीन जिल्हा गॅझेटिअरांमध्ये घाटांच्या याद्या आहेत. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांवर पायवाटा दाखवलेल्या असतात. त्यांची उपग्रह छायाचित्रांशी आणि उंचीच्या रेषांशी तुलना केली जाते. त्यानंतर गावात चौकशी करायची. पाऊलखुणा दाट रानात पुसल्या तरी दगडातल्या खुणा टिकतात. कोरलेल्या पायऱ्या, पाण्याचे टाके, खांब रोवण्यासाठी केलेल्या खोबण्या, शेंदूर फासलेला देव किंवा वीरगळ दिसली, तर इथून माणसांची ये-जा होती असा अंदाज बांधता येतो. सगळ्यांत भरवशाचा पुरावा मात्र गावातल्या वाटाड्याची आठवण.

प्रत्यक्ष डोंगरात अडचण कुठे येते?

ती सह्याद्रीच्या रचनेत आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा प्रदेश बनला. कठीण थरांचे उभे कडे होतात, मऊ थर झिजून मधे झाडीचे पट्टे म्हणजे ‘पदर’ तयार होतात. वरून पाहताना सोपी वाटणारी नाळ मध्येच सरळ कड्यावर संपू शकते. म्हणूनच अनोळखी वाट शक्यतो आधी खालून वर चढून तपासावी. चढताना पुढचा कातळ डोळ्यांसमोर असतो. उतरताना तो पायाखाली दडतो आणि उतरलेला टप्पा पुन्हा चढता येईलच असे नाही.

यासाठी गट लहान असावा लागतो. पुढे वाटाड्या आणि अनुभवी व्यक्ती, शेवटी तितकाच अनुभवी गडी, सोबत दोर, पुरेसे पाणी आणि परतण्याची ठरलेली वेळ. नाळेत वरच्या माणसाच्या पायाने सुटलेला दगड खालच्यावर येतो, म्हणून एकेकाने उतरणे आणि हेल्मेट घालणे आवश्यक ठरते. ठरलेल्या वेळेपर्यंत वाट मिळाली नाही तर मागे फिरणे हाही मोहिमेचाच भाग. अनेक वाटांचा उलगडा तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात होतो.

परवानगी कोणाची लागते?

डोंगर मोकळा दिसला तरी तो कोणाच्या तरी अखत्यारीत असतो. भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, कोयना यांसारख्या अभयारण्यांत वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो आणि प्रवेशासाठी वनविभागाची परवानगी लागते. राखीव वनातही फांद्या तोडून वाट करणे गुन्हा ठरू शकतो. वनहक्क कायदा, २००६ नुसार सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांत जंगलाच्या व्यवस्थापनात ग्रामसभेचा शब्द महत्त्वाचा. पैसे घेऊन लोकांना नेणाऱ्या संस्थांना राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणातील नोंदणीचे आणि सुरक्षेचे नियमही आहेत.

वाटेवर खुणा कराव्यात का?

खुणा नसतील तर मागून येणारे चुकतात. वाटेल तिथे रंगाचे बाण काढले तर कातळ विद्रूप होतो आणि संरक्षित स्मारकावर असे करणे बेकायदा आहे. दगडांची लहान लगोरी हा जुना, सौम्य उपाय. पण गुरे आणि पाऊस ती मोडतात. म्हणजे खूण एकदा करून भागत नाही, दरवर्षी कोणीतरी ती पाहावी लागते. अमेरिकेतील सुमारे साडेतीन हजार किलोमीटरच्या अॅपलाचियन वाटेची कल्पना १९२१ मध्ये मांडली गेली आणि १९३७ मध्ये ती पूर्ण झाली. तिचे टप्पे स्वयंसेवी क्लबांनी वाटून घेतले आहेत. झाडावरचा पांढरा पट्टा पुन्हा रंगवणे, पडलेली झाडे हटवणे, धूप रोखणे ही कामे तिथे आजही चालतात. सह्याद्रीतील अनेक ‘उघडलेल्या’ वाटांना असा वाली नसतो.

वाट जाहीर केल्याने गावाला काय मिळते?

दोन्ही गोष्टी मिळू शकतात. वाटाड्याची मजुरी, जेवण आणि मुक्कामाचे पैसे गावात येतात. दुसरीकडे प्लॅस्टिकचा कचरा, आटत चाललेल्या टाक्याच्या पाण्यावर ताण आणि बेपर्वाईने पेटलेला वणवाही गावाच्याच वाट्याला येतो. कोणी कड्यात अडकले तर बचाव पथक पोहोचेपर्यंत सर्वांत आधी धावतात ते गावकरीच. अशा वेळी फक्त जीपीएस नोंद हाती असलेल्याला वाटेवरचा निसरडा टप्पा, आटलेले पाणी किंवा नुकतीच कोसळलेली दरड कळत नाही. वाटाड्याला ते ठाऊक असते. म्हणूनच काही अनुभवी गट अवघड वाटांच्या नोंदी सर्रास वाटत नाहीत. गावाला विचारून वाट जाहीर करणे, तिचे गावातले नाव कायम ठेवणे, वाटाड्या सोबत घेण्याचा आग्रह धरणे आणि पावसाळ्यानंतर ती पुन्हा तपासणे एवढे केले, तर वाट टिकते आणि तिच्यावरून जाणारेही सुखरूप परततात.