वेदनाशामक एक, औषधे दोन!
संयुक्त गोळी घेताना प्रत्येक घटकाचा स्वतंत्र हिशेब ठेवणे आवश्यक

हाड मोडल्यावर, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर किंवा कंबरदुखी असह्य झाल्यावर डॉक्टरांच्या चिठ्ठीत हमखास दिसणारी एक गोळी असते. घरात तिला 'दुखण्याची गोळी' एवढेच नाव असते. पट्टीच्या मागील बाजूस मात्र बारीक अक्षरांत दोन औषधांचा उल्लेख असतो : ट्रॅमाडॉल ३७.५ मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम. यांपैकी पॅरासिटामॉल तापाच्या गोळीतून सर्वांच्या परिचयाचे आहे, तर ट्रॅमाडॉल हे अफूवर्गीय वेदनाशामक आहे. या गोळीपासून होणारे बहुतेक अपघात या दोन नावांकडे दुर्लक्ष झाल्यानेच घडतात.

दोन औषधे एकत्र का?

वेदनेची जाणीव कमी करण्याचे या दोन औषधांचे मार्ग वेगवेगळे आहेत. ट्रॅमाडॉलचे यकृतात रूपांतर होऊन तयार होणारा घटक मेंदू व मज्जारज्जूतील अफूवर्गीय ग्राहींवर काम करतो. पॅरासिटामॉलची क्रिया वेगळ्या मार्गाने होते. दोन्ही एकत्र दिल्यास अफूवर्गीय औषधाची मात्रा कमी ठेवूनही चांगला आराम मिळतो, हा या संयुक्त गोळीमागील विचार आहे. तथापि, फायदे जसे दोन वाटांनी येतात, तसे धोकेही दोन वाटांनी येतात.

पॅरासिटामॉलची बेरीज

निरोगी प्रौढ व्यक्तीसाठी पॅरासिटामॉलची कमाल मर्यादा दिवसाला ४,००० मिलिग्रॅम मानली जाते. कमी वजनाच्या, यकृताचा विकार असलेल्या किंवा नियमित मद्यपान करणाऱ्या व्यक्तींसाठी ती याहून कमी असते. डॉक्टरांनी संयुक्त गोळ्या दिवसातून चार वेळा दोन-दोन घेण्यास सांगितले, तर पॅरासिटामॉल होते २,६०० मिलिग्रॅम. त्यातच अंग कसकसते म्हणून रुग्णाने घरातील ६५० मिलिग्रॅमची तापाची गोळी तीन वेळा घेतली, की आणखी १,९५० मिलिग्रॅमची भर पडते. एकूण बेरीज ४,५५० मिलिग्रॅम! एकही गोळी 'जास्त' घेतल्याची जाणीव नसताना मर्यादा ओलांडली गेलेली असते. सर्दीच्या अनेक गोळ्यांत आणि सूज उतरवणाऱ्या काही संयुक्त गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, हे विशेष.

हा धोका फसवा आहे. अतिमात्रेनंतर पहिल्या दिवशी मळमळ, उलटी यापलीकडे फारसे काही जाणवत नाही. काहींना तेवढेही नाही. यकृताची हानी दोन-तीन दिवसांनी उघड होते. एन-ॲसिटिलसिस्टीन हा यावरील उतारा पहिल्या आठ तासांत दिल्यास सर्वाधिक गुणकारी ठरतो. त्यामुळे लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठणे इष्ट. अशा संयुक्त औषधांच्या एका गोळीत ३२५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक पॅरासिटामॉल नसावे, अशी भूमिका अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये घेतली, ती यकृताच्या याच काळजीपोटी.

गुंगी, श्वास आणि झटके

ट्रॅमाडॉलमुळे मळमळ, चक्कर, गुंगी व बद्धकोष्ठता होऊ शकते. गोळीचा आपल्यावर काय परिणाम होतो हे कळेपर्यंत वाहन चालवू नये. वृद्धांनी रात्री उठताना आधार घ्यावा. खरी भीती आहे ती श्वास मंदावण्याची. मद्य, अल्प्राझोलाम वा क्लोनाझेपामसारखी झोपेची किंवा चिंतेवरील औषधे आणि कोडीनयुक्त खोकल्याचे औषध यांच्या जोडीने ही शक्यता वाढते. फिट येण्याचा पूर्वेतिहास असलेल्यांनी आणि नैराश्यावरील औषधे घेणाऱ्यांनी तसे डॉक्टरांना आधीच सांगावे. नैराश्यावरील काही औषधांसोबत ट्रॅमाडॉल घेतल्यास झटके येणे, प्रचंड घाम, थरथर व गोंधळलेपणा असे गंभीर परिणाम संभवतात.

काहींच्या शरीरात ट्रॅमाडॉलचे रूपांतर जन्मजात गुणधर्मामुळे फार वेगाने होते. एकाला मानवलेली मात्रा दुसऱ्याला घातक ठरू शकते ती यामुळेच. १२ वर्षांखालील मुलांना ट्रॅमाडॉल देऊ नये, असा इशारा अमेरिकी प्रशासनाने २०१७ मध्ये दिला. स्तनपान देणाऱ्या मातांनाही ते टाळण्यास सांगण्यात आले.

कायदा आणि सवय

ट्रॅमाडॉलचा समावेश 'एच-वन' या परिशिष्टात असून, ही तरतूद २०१४ पासून लागू आहे. त्यानुसार विक्रेत्याने डॉक्टर व रुग्ण यांच्या नावांची नोंद तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. गैरवापर लक्षात घेऊन २०१८ मध्ये केंद्र सरकारने हे औषध अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेतही आणले. त्यामुळे चिठ्ठीविना गोळी देण्यास नकार देणारा औषधविक्रेता अडवणूक करीत नसतो, तर आपले कर्तव्य बजावत असतो.

दीर्घकाळ घेतल्यास शरीराला या औषधाची सवय लागते. ते एकाएकी थांबवल्यास घाम, अस्वस्थता, निद्रानाश, जुलाब असे त्रास होतात. म्हणून मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते. अर्थात, या भीतीपोटी तीव्र वेदना सोसत राहणेही योग्य नाही. ठरवून दिलेल्या मात्रेत, ठरावीक दिवस घेतल्यास ही गोळी उपयुक्तच आहे.

हे लक्षात ठेवा

* घरातील प्रत्येक औषधाच्या पट्टीवरील घटक वाचा. पॅरासिटामॉलची दिवसाची बेरीज करा.
* सर्व चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. झोपेच्या गोळ्या व मद्यपान लपवू नका.
* एखादी मात्रा चुकल्यास पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका.
* उरलेल्या गोळ्या नातेवाइकांना वा शेजाऱ्यांना देऊ नका. मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा.
* रुग्णाला हाक मारूनही जाग येत नसेल, श्वास मंद असेल वा ओठ निळसर पडले असतील, तर त्याला कुशीवर वळवून तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. पट्टी सोबत न्या. कोणती दोन औषधे पोटात गेली, हे डॉक्टरांना तिच्यावरूनच कळते.