रोझची गोष्ट आणि आपल्या घरातली वेगळी लेकरं



या अंकात तुम्हाला एका पुस्तकाची गोष्ट सांगायची आहे. पुस्तक मुलांसाठी लिहिलेलं आहे, इंग्रजीत आहे आणि तिकडे अमेरिकेतलं आहे. "मग आमचा काय संबंध?" असं कुणी म्हणायच्या आत सांगते. त्यातल्या घरात बाप दारू पितो, त्याला काम कधी असतं कधी नसतं, आई नाही, आणि लेक अशी आहे की शेजारपाजारच्यांनी तिला केव्हाच 'वेडसर' ठरवून टाकलं असतं. असं घर आपल्या ओळखीचं आहे की नाही?

पुस्तकाचं नाव 'रेन रेन', लेखिका ॲन एम. मार्टिन. २०१४ मध्ये ते आलं आणि २०१५ मध्ये त्याला 'श्नायडर फॅमिली बुक अवॉर्ड' मिळालं. दिव्यांगपणासोबतचं जगणं चांगलं मांडणाऱ्या मुलांच्या पुस्तकांना अमेरिकेतली ग्रंथालयांची संघटना हे बक्षीस देते. नावात एकच शब्द दोनदा का, असं वाटेल. आपल्या लिपीत तो एकच दिसतो, पण इंग्रजीत ते दोन शब्द आहेत. एकाचा अर्थ पाऊस, दुसऱ्याचा राज्य करणं. उच्चार सारखा, स्पेलिंग वेगळं. आपल्याकडे 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, तसंच.

गोष्ट सांगणारी रोझ पाचवीत आहे आणि तिला अशा जोड्यांचं फार वेड आहे. तिने त्यांची मोठी यादी केलीय. घरात संगणक नाही, सगळं हाताने लिहायचं. मध्येच नवी जोडी सापडली आणि कागदावर जागा नसली, की पुढचं सगळं पुन्हा लिहून काढायचं. ती ते न कंटाळता करते. तिला आकडेही आवडतात. २, ३, ५, ७, ११ असे दुसऱ्या कशाने भाग न जाणारे आकडे ती म्हणत राहते. मनात गोंधळ झाला की ते म्हटल्यावर तिला बरं वाटतं. आणि तिला नियम आवडतात. कुणी नियम मोडला तर तिला सहनच होत नाही, ती तिथल्या तिथे ओरडते. त्यामुळे तिची शाळेची बससुद्धा बंद झालीय. तिचा काका रोज गाडीने शाळेत सोडतो आणि परत आणतो.

रोझ स्वमग्न आहे. इंग्रजीत याला ऑटिझम म्हणतात. हा आजार नाही, त्यामुळे गोळी घेऊन तो जात नाही. काही मुलांच्या मेंदूची वाढ सुरुवातीपासूनच वेगळ्या वाटेने होते. समोरच्याच्या चेहऱ्यावरून मनातलं ओळखणं त्यांना जड जातं. बोललेल्या शब्दाचा ती सरळ शब्दशः अर्थ घेतात. कुकरची शिट्टी किंवा लग्नातला डीजे आपल्याला नुसता मोठा वाटतो, त्यांच्यातल्या काहींना तो कानात सुई टोचल्यासारखा होतो. रोजचं रोजच्यासारखं असलं की ती शांत असतात. तीच थाळी, तीच वाट, तीच वेळ.

इथे एक गोष्ट ठासून सांगते, कारण घरोघरी मी तेच ऐकते. आईने नीट लक्ष दिलं नाही म्हणून मूल असं झालं, हे खोटं आहे. गेल्या शतकात अमेरिकेतले मोठमोठे तज्ज्ञसुद्धा हेच म्हणायचे. आई मायेने थंड असते म्हणून मूल असं होतं, असं सांगून त्यांनी कितीतरी बायांना रडवलं. पुढे तो सिद्धांत चुकीचा ठरला. लसीमुळे होतं असं सांगणारा एक लेख १९९८ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला होता. तोही २०१० मध्ये त्या नियतकालिकाने मागे घेतला. तेव्हा पोलिओ-गोवरच्या लसी चुकवू नका आणि सुनेला बोल लावू नका.

आता गोष्टीकडे येते.

एका पावसाळी रात्री रोझचा बाप दारूच्या गुत्त्याजवळ सापडलेली एक कुत्री घरी आणतो आणि लेकीला देऊन टाकतो. तिच्या गळ्यात पट्टा नाही, मालक कोण ते त्याने विचारलेलं नाही. रोझ तिचं नाव 'रेन' ठेवते. पावसात सापडली म्हणून आणि त्या शब्दाला एक सोडून दोन जोडीदार आहेत म्हणूनसुद्धा! राज्य करण्याचा एक आणि घोड्याच्या लगामाचा दुसरा. रोझला माणसांशी कसं बोलावं ते जमत नाही. पण कुत्रीशी जमतं. कुत्री टोमणे मारत नाही, तिच्या बोलण्यात छुपा अर्थ नसतो. एकदा कुत्री शाळेत येते तर वर्गातली मुलंही रोझच्या जवळ येतात.

मग मोठं वादळ येतं. पूर, झाडं पडलेली, वाटा बंद. आणि त्या वादळात बाप कुत्रीला पट्टा न घालता बाहेर सोडतो. ती परत येत नाही.

हा भाग वाचताना मला वाटलं की पोरगी आता कोसळणार. तिच्या आयुष्यातली एकच मऊ गोष्ट गेली. पण रोझ काय करते? ती नकाशा घेते, आसपास भटकी जनावरं ठेवणारे निवारे कुठे कुठे आहेत त्याची यादी करते आणि काकाला सोबत घेऊन एकेक करून विचारत सुटते. ज्या सवयीमुळे लोक तिला चक्रम म्हणतात, तीच यादी करायची सवय इथे कामाला येते. कुत्री सापडते.

सापडते, पण सोबत एक बातमी घेऊन. कुत्रीच्या कातडीखाली ओळखीची छोटी चिप बसवलेली असते. आपल्याकडे जनावरांच्या कानात बिल्ला असतो ना, तसलाच प्रकार. त्यातून कळतं की तिचं आधीचं एक घर आहे, तिला दुसरं नाव आहे. त्या कुटुंबाचा पत्ता लागत नसतो, त्यामुळे रोझ गप्प बसली असती तर कुत्री तिचीच राहिली असती. पण रोझचा नियम साधा आहे. दुसऱ्याची वस्तू दुसऱ्याची. ती स्वतः हट्ट धरून त्या कुटुंबाचा शोध लावते आणि कुत्री परत देते.

स्वमग्न मुलांना भावना नसतात, माया नसते, असं आपण सहज म्हणून जातो. या पोरीला मायाही आहे आणि न्यायही कळतो. फक्त ती रडून दाखवत नाही, आकडे म्हणते. बापाला मात्र हे कळत नाही. "मी तुला कुत्री आणून दिली आणि तू देऊन टाकलीस?" असा त्याचा राग असतो. त्याचा राग, त्याची दारू, दोन्ही वाढत जातं.

बापाला लेखिकेने राक्षस केलेलं नाही, हे मला आवडलं. तो आणि त्याचा भाऊ लहानपणी मार खाऊन परक्या घरांत वाढलेले. आपल्याकडून लेकीवर तसंच काही होईल ही भीती त्याच्या मनात आहे. शेवटी तो रोझला भावाच्या दारात सोडून निघून जातो. तरी मला त्याचं पूर्ण पटलं नाही. जायचं होतं तर तिला दोन शब्द नीट सांगून जायला काय झालं होतं?

कारण सांगण्याचाच प्रश्न या गोष्टीच्या मुळाशी आहे. रोझला लहानपणापासून सांगितलेलं असतं की तुझी आई तुला सोडून गेली. ती तेच धरून बसलेली असते. बाप गेल्यावर काका तिला खरं सांगतो. आई सोडून गेली नव्हती, ती वारली होती. हे ऐकून ती मोडत नाही. उलट आई आपल्याला टाकून गेली नव्हती, एवढं तरी तिला कळतं.

आता आपल्या घरातलं बघू. माणूस गेलं की आपण मुलांना काय सांगतो? "बाबा झोपलेत." "बाबा देवाघरी गेलेत." "आजी तारा झाली." मोठी माणसं समजून घेतात, साधी मुलंही हळूहळू समजतात. पण शब्दाला शब्द धरणाऱ्या मुलाने "झोपलेत" ऐकलं, तर ते त्यांना उठवायला जाईल किंवा स्वतः झोपायलाच घाबरेल. "गावाला गेलेत" ऐकलं, तर रोज संध्याकाळी एसटीच्या वेळेला दारात उभं राहील. दिवस जातात, बाबा येत नाहीत, आणि मग एक दिवस भांडी फेकणं, स्वतःला चावणं सुरू होतं. आपण म्हणतो हट्टी झालंय, बाहेरचं काही लागलंय. त्यापेक्षा "बाबा मेले. त्यांचं शरीर बंद पडलं. ते परत येणार नाहीत. तुझ्याजवळ आई आहे" हे ऐकायला कठोर वाटलं तरी त्याला त्यात धरायला काहीतरी मिळतं. एकदा सांगून भागणार नाही. ते दहादा विचारेल, दहाही वेळा तेच शब्द वापरा.

घर हलण्याची कारणं आपल्याकडे खूप असतात. भावाभावांची वाटणी होते, माहेरी परत यावं लागतं, घरकुल मंजूर होऊन जुनं घर पडतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात तर दरवर्षी चार-सहा महिने सगळंच बदलतं. घर सोडून कोपीत राहायचं, ओळखीचा आवाज नाही, ओळखीचं छप्पर नाही. तेव्हा जाण्याच्या आधी काही दिवस दिनदर्शिकेवर जायची तारीख त्याला दाखवा, रोज एक फुली मारा. त्याची थाळी, त्याची गोधडी, मग ती फाटकी का असेना, सोबत घ्या. पाहुणे काय म्हणतील म्हणून ती गोधडी फेकणाऱ्या ताया मी पाहिल्यात. नका फेकू. आणि "जत्रेला चाललोय" अशी थाप मारून गाडीत बसवू नका. पुढच्या वेळी ते गाडीतच बसणार नाही.

रोझचा काका मला या पुस्तकातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस वाटतो. तो हुशार डॉक्टर नाही की शिक्षक नाही. तो वेळेवर येतो, एवढंच. नव्या जोड्या शोधायला तिच्यासोबत बसतो आणि थट्टा करत नाही. घर हललं तेव्हा रोझ सावरली, कारण हा एक माणूस आधीपासून हलला नव्हता. तुमच्या लेकराचा असा माणूस कोण? मावशी, चुलता, शेजारची आजी, कुणीही. त्याच्याकडे आजपासूनच थोडा थोडा वेळ जाऊ द्या. मूल काय खातं, कशाला घाबरतं, कशाने शांत होतं, हे एका वहीच्या पानावर लिहून त्या माणसाला द्या.

एक मात्र लक्षात ठेवा. रोझ बोलते, लिहिते, गणितात पक्की आहे. सगळी स्वमग्न मुलं अशी नसतात. काही बोलतच नाहीत, काहींना जन्मभर सोबत लागते. गोष्ट वाचून "मग आमचा पोरगा का नाही करत?" असं म्हणू नका.

नावाने हाक मारल्यावर मूल वळत नसेल, बोटाने दाखवत नसेल, आलेले शब्द गेले असतील, तर आशाताईंना सांगा आणि जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीत, तपासून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात स्वमग्नता आहे. प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड काढून ठेवा. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. आणि "माझ्यामागे याचं कोण?" हा प्रश्न ज्यांना रात्री झोपू देत नाही त्यांच्यासाठी सांगते. मूल १८ वर्षांचं झालं की कायदेशीर पालक नेमण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो. तिथे काकाचं, मावशीचं नावही देता येतं.

आता गटांसाठी एक विनंती. अशा लेकराची आई बैठकीला आली की मूल ओरडतं, बाकीच्या बघतात, मग ती यायची बंद होते. तीन बैठका चुकल्या की आपण गैरहजेरीचा दंड लावतो. पुढच्या मासिक बैठकीत हा विषय अजेंड्यावर घ्या. तिला दंड माफ करायचा का? की बैठकच एकदा तिच्या ओट्यावर घ्यायची, जिथे तिचं मूल शांत असतं? काय ठरलं ते ठराव वहीत लिहा आणि सीआरपी ताईंकडे कळवा. मी पुढच्या भेटीत ठराव बघेन.